खारकोंड अजून दिसतं

अविनाश सबनीसने त्या दुपारी पिशवीत नेहमीचंच सामान भरलं. स्क्रूड्रायव्हरचा संच, मऊ ब्रश, पांढरा खोडरबर, चाचणीसाठी ठेवलेलं एक जुनं ग्राफिक्स कार्ड आणि पाण्याची बाटली. मग दाराला कुलूप लावलं, ते ओढून बघितलं आणि तो स्कूटर काढून निघाला.

पन्नाशी ओलांडलेला माणूस. ऐरोलीच्या एका कंपनीत त्याने निम्मं आयुष्य कॉम्प्युटर सांभाळण्यात घालवलं होतं. बायको अरुंधती गेली आणि त्याने नोकरी सोडली. मग नवीन पनवेलच्या त्या घरात दिवसभर बसवेना, म्हणून ओळखीपाळखीतून लोकांची मशीन दुरुस्त करू लागला. लोकांच्या घरी गेलं की कुणीतरी पाणी विचारतं, टीव्ही चालू असतो, आतून फोडणीचा वास येतो. तो खरं तर तेवढ्यासाठीच जायचा, असं म्हटलं तरी चालेल.

त्या दिवशीचा फोन मनिषा घरत नावाच्या बाईचा होता. ती पनवेलला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरीला होती.

"काका, माझ्या मिस्टरांचा कॉम्प्युटर आहे. चालू होतो, पंखे फिरतात, पण त्याला त्याचं ग्राफिक्स कार्डच सापडत नाही. त्यांच्या ऑफिसातल्या एकाने फोनवरून बघितलं, तो म्हणाला हार्डवेअरवाला बोलवा. घरी सासूबाई असतील, मी चारपर्यंत येते. फक्त... संध्याकाळ व्हायच्या आत झालं तर फार बरं होईल."

शेवटचं वाक्य त्याच्या कानाला जरा खटकलं. पण लोकांना कामाची घाई असतेच.

गव्हाणच्या बाजूला, मुख्य रस्ता सोडून आत गेलं की पुनर्वसनाची ती वसाहत लागते. विमानतळासाठी जी गावं उठली त्यातलं खारकोंड हे एक लहानसं गाव. तिथली माणसं आता या सरळ रेषेतल्या प्लॉटांवर राहत होती. घरं चांगली बांधलेली, टाइल्स लावलेली, स्टीलच्या रेलिंगची. रस्ते रुंद होते, पण भर दुपारी त्यावर चिटपाखरू नव्हतं. सावली धरावी असं एकही झाड अजून मोठं झालेलं नव्हतं. अविनाश स्कूटर लावत होता तेवढ्यात डोक्यावरून एक विमान इतकं खालून गेलं की खिडक्यांची तावदानं थरथरली.

दार एका म्हातारीने उघडलं. काटक बाई, गुडघ्यापर्यंत नेसलेलं लुगडं, कपाळावर हिरवट गोंदण. ही जिजा, मनिषाची सासू.

"कॉम्प्युटरवाला ना? ये भाऊ. चपला आतच काड, भायेर कुत्रा नेतो."

मशीन आतल्या खोलीत होतं. भिंतीला टेकून मोठं टेबल, त्यावर रुंद स्क्रीन, बाजूला काचेच्या झाकणाचा काळा डबा. महागाचं, मनापासून जुळवलेलं मशीन, हे अविनाशला एका नजरेत कळलं. कीबोर्डवरच्या चार बाणांच्या बटणांना कुणीतरी लाल नेलपॉलिश लावलं होतं.

"मना अक्षर येत नाय," जिजा म्हणाली. "सुनेना रंगवून दिलं. लाल दाबायचं आन् चालायचं."

"कुठे चालायचं, आजी?"

"गावात."

अविनाशने डबा उघडता उघडता तिच्याकडून सगळं ऐकलं. सुरज हा तिचा एकुलता एक मुलगा. बेलापूरला एका आर्किटेक्टच्या ऑफिसात तो न बांधलेल्या इमारती पडद्यावर बांधून दाखवायचा. गिऱ्हाइकाने घर विकत घ्यायच्या आधी त्यात फिरून यावं, अशी. खारकोंड उठलं तेव्हा आई जेवेना, बोलेना. मग सुरज रोज ऑफिसातून आला की या टेबलाशी बसून गाव बांधायला लागला. घरं, ओट्या, देवीचं देऊळ, मिठागरं, खाडीकडे जाणारा बांध, बांधाच्या कडेची उलटी टाकलेली होडी. आई शेजारी बसून चुका काढायची. कडवांच्या घराला दोन पायऱ्या होत्या, तीन नाही. चिंच देवळाच्या डाव्या अंगाला. तो खोडायचा, पुन्हा करायचा. दोन पावसाळे गेले त्यात. एकदा जिजा म्हणाली, आता झालं, आता आपलं गाव झालं. मग तिने विचारलं, माणसं कवा करशील? तो हसून म्हणाला, "माणसं लय कठीण असतात गं आये. ती नाय जमत मना."

त्यानंतर थोड्याच दिवसांत त्याला डेंग्यूचा ताप आला. हॉस्पिटलात नेला तो परत आलाच नाही.

"मंग मी रोज जाते," जिजा म्हणाली. "दुपारचा भाकर-तुकडा झाला की बसते. घरला जाते, ओटीवर बसते, देवीला जाते. परत येते. आता तिते इमानं उतरतान, भाऊ. माज्या चुलीवरून जातान ती. पन यात हाय सगला."

अविनाश मान खाली घालून कामाला लागला.

मशीन सुरू केलं. पंखे फिरले, पण स्क्रीन काळीच राहिली. मुख्य बोर्डाच्या कडेला एक बारीक पांढरा दिवा लागला आणि तसाच जळत राहिला. ही त्या बोर्डाची खूण होती, ग्राफिक्स कार्ड मिळत नाही म्हणून. चित्र तयार करणारं कार्ड तर समोर जागेवर घट्ट बसलेलं होतं. अविनाशने वीज बंद करून ते काढलं. खाडीकडची हवा खारट, तिने कार्डाच्या सोनेरी दातांवर हिरवट झाक धरली होती. त्याने खोडरबरने एकेक दात घासून लखलखीत केला, खाचेतली धूळ ब्रशने काढली, कार्ड परत बसवलं. तोच पांढरा दिवा. विजेची वायर बदलली. बोर्डावरचा बटणासारखा सेल काढून थोडा वेळ थांबून परत घातला. तोच दिवा. मग स्वतःचं जुनं कार्ड लावून पाहिलं, जे कुठल्याही मशीनला सापडायचं. या मशीनला तेही सापडलं नाही.

म्हणजे बोर्डाची खाचच गेली असणार, असं त्याने मनाशी ठरवलं. साधी गोष्ट. बोर्ड बदलावा लागेल.

तोपर्यंत खिडकीतून येणारं ऊन पिवळं पडायला लागलं होतं. जिजाने कोरा चहा आणून दिला आणि टेबलाशी स्टूल ओढून बसली. अविनाशने चहा घेतला. त्या घरात मशीनच्या पंख्याखेरीज कसलाही आवाज नव्हता. म्हातारी त्याच्या हाताकडे बघत होती.

"तुजी बाईल कशी हाय?" तिने अचानक विचारलं.

"नाही आता. दोन वर्षं झाली."

"काय झालं व्हतं?"

त्याने सहसा कुणाला सांगितलं नव्हतं. पण या अनोळखी बाईपाशी ते सहज बाहेर आलं. अरुंधतीच्या फुप्फुसांना सूज आली होती. शेवटच्या दिवशी तिच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. त्याचा हात धरून ती काहीतरी बोलली. नीट, सावकाश, अख्खं वाक्य. मास्कमुळे त्याला एक शब्द कळला नाही. परत सांग, म्हणून तो वाकला, पण तिला तेवढी ताकद राहिली नव्हती. तेव्हापासून तो ते वाक्य शोधत होता. गाडी चालवताना, भाजी निवडताना, झोप लागता लागता. तिच्या ओठांची हालचाल डोळ्यांसमोर आणून त्यात शब्द बसवून बघायचा. एकही नीट बसत नव्हता.

जिजाने ऐकून घेतलं. सांत्वन केलं नाही. फक्त म्हणाली, "मी जाईन तवा इचारीन तिला."

अविनाश कसनुसा हसला. आपलं जुनं कार्ड त्याने खाचेतून काढून टेबलावर ठेवलं. स्क्रीनची केबल त्या कार्डालाच जोडलेली होती, ती सोडवून बाजूला टाकली. कार्डाशिवाय बोर्ड कसा वागतो, एवढंच ऐकावं म्हणून त्याने बटण दाबलं. पंखे फिरले. पांढरा दिवा लागला. केबलचं मोकळं टोक टेबलाच्या कडेवरून लोंबत होतं.

आणि स्क्रीन उजळली.

आधी नुसता तांबूस उजेड. मग त्यातून हळूहळू कौलं उमटली, कुडाच्या भिंती, शेणाने सारवलेलं खळं. त्यापलीकडे मिठागरांचे चौकोन, त्यात आभाळ उतरलेलं. संध्याकाळ होती तिथे. खोलीत खारट चिखलाचा वास आला, ओहोटी लागली की खाडीला येतो तसा. खाडी तर चिखलाचा वास पोचण्याइतकी जवळ नव्हती.

अविनाशने केबलचं टोक हातात घेऊन पाहिलं. ते कशालाही जोडलेलं नव्हतं.

"आजी... हे..."

"दिस कलला का येतो," जिजा हळूच म्हणाली. तिने स्टूल पुढे सरकवलं, चपला काढल्या आणि लाल बटणावर बोट ठेवलं.

गाव हलायला लागलं. ती वाट चालत होती. देवळावरून, चिंचेखालून. एका ओटीवर कुणीतरी सुपात तांदूळ पाखडत बसलं होतं. माणसं कठीण असतात म्हणून सुरजने जी केलीच नव्हती, ती माणसं. तोंडं दिसत नव्हती. सगळ्यांच्या पाठी होत्या, किंवा मान खाली. एक पोर धावत दाराआड गेलं. एक म्हातारा बैल सोडत होता. जिजा एकेकाचं नाव घेत होती, अगदी हलक्या आवाजात, वाटेत भेटलेल्या शेजाऱ्याला हाक मारावी तशी. ती नावं ऐकून अविनाशच्या लक्षात आलं की प्रत्येकाच्या मागे ती दोन-तीन शब्द जोडत होती. मेला तो... ती पन मेली... हा गेल्या साली...

ती बांधावर आली. लांब, जिथे बांध खाडीला मिळतो तिथे, एक तरुण माणूस पाठमोरा उभा होता. खांद्याला ऑफिसची बॅग.

"रोज जरा जरा जवल येतो," जिजा म्हणाली. तिचा आवाज कापत होता, पण भीतीने नव्हे. "पयला दिसायचा पन नाय. पोरा... ए सुरज..."

पाठमोऱ्या माणसाने मान किंचित वळवली. कुणी लांबून हाक मारल्याचा भास झाला की आपण वळवतो तशी.

तेवढ्यात मागून कुणीतरी भिंतीवरचं बटण खाडकन बंद केलं. स्क्रीन काळी झाली. दारात मनिषा उभी होती, खांद्याची पर्सही न उतरवता.

"आई, मी सांगितलं होतं ना तुम्हाला..."

जिजा काळ्या स्क्रीनकडे बघत तशीच बसून राहिली. मनिषाने अविनाशला खुणेने बाहेर बोलावलं. दोघं रस्त्यावर स्कूटरपाशी उभे राहिले. ती तिशीतली, रोड, डोळ्यांखाली काळी वर्तुळं असलेली मुलगी होती.

"बघितलंत ना?" ती दबक्या आवाजात म्हणाली. "कार्ड चालत होतं तोवर गाव रिकामं असायचं. ह्यांनी बनवलं तसंच. आई फिरायच्या, रडायच्या, उठून जेवायला यायच्या. मला बरं वाटायचं. वर्षश्राद्ध झालं आणि त्याच आठवड्यात कार्ड सापडेनासं झालं. तेव्हापासून हे. काका, आई आता जेवत नाहीत. रात्री मला विचारतात, मी गेले तर तू एकटी राहशील का गं."

"तुला... तुम्हाला तो दिसला?"

मनिषाचा चेहरा क्षणभर विस्कटला. "एकदा बघितलं. मग नाही बघितलं. बघत राहिले तर मी सकाळी कामाला कशी जाणार?" तिने डोळे पुसले. "तुम्ही एवढंच करा. त्याला त्याचं कार्ड सापडू दे. गाव रिकामं असू दे."

अविनाश आत गेला पिशवी घ्यायला. जिजा अजून तिथेच होती. तिने त्याचा हात धरला. म्हातारीचा हात थंडगार आणि विलक्षण घट्ट.

"भाऊ, तुज्या पाया पडते. नको लावू ते. आता थोडाच ऱ्हायलाय तो. थोडाच लांब."

अविनाशने तिच्याकडे पाहिलं. दोन वर्षं तो एका वाक्यासाठी झुरत होता. या बाईला तर तिचा अख्खा माणूस समोरून चालत येताना दिसत होता. हे कोणत्या तोंडाने बंद करायचं?

बाहेर येऊन तो मनिषाला म्हणाला, "कार्ड घरी नेऊन तपासतो. दोन-चार दिवसांत आणून लावतो. तोवर मशीन सुरू करू नका."

मशीन सुरू करण्यापासून म्हातारीला दिवसभर कोण अडवणार होतं, हे दोघांनाही माहीत होतं. मनिषाने फक्त मान हलवली.

घरी आल्यावर त्याने ते कार्ड स्वतःच्या मशीनला लावलं. एका झटक्यात सापडलं. कार्डात काही दोष नव्हता. त्याने ते कापडात गुंडाळून कपाटात ठेवलं. दुसऱ्या दिवशी जायचं ठरवलं आणि गेला नाही. तिसऱ्या दिवशी बोर्ड मागवतोय म्हणून मनिषाला निरोप पाठवला. बोर्ड त्याने मागवला नव्हता. संध्याकाळ झाली की तो गॅलरीत उभा राहायचा आणि वाटायचं, आता म्हातारी बांधावर पोचली असेल. आता ती हाक मारत असेल.

आठवड्याच्या शेवटी मनिषाचा फोन आला.

"आई गेल्या," ती म्हणाली.

ती कामावरून आली तेव्हा जिजा टेबलाशी स्टुलावर बसलेली होती. डोकं कीबोर्डवर टेकलेलं, चेहरा शांत. डॉक्टर म्हणाले, झोपेत हृदय थांबलं. स्क्रीन काळी होती. वसाहतीत दुपारपासून वीजच नव्हती, शेजारच्यांनी सांगितलं. जिजाच्या चपला मात्र टेबलाखाली होत्या, स्क्रीनकडे तोंड करून नीट जोडून ठेवलेल्या. कुणाच्या घरात शिरताना उंबऱ्याबाहेर काढून ठेवतात तशा.

अविनाश अंत्यविधीला गेला. लांब उभा राहिला. मनिषाने त्याला काही विचारलं नाही, त्याचंच त्याला जास्त लागलं.

दिवसकार्य आटोपल्यावर तिने त्याला बोलावून घेतलं. मशीन तिने खोक्यात भरून ठेवलं होतं.

"मी माहेरी चालले आहे, ओव्याला. हे मला फेकवत नाही आणि जवळ ठेववत नाही. तुम्हाला यातलं कळतं. घेऊन जा." मग त्याच्याकडे सरळ बघत म्हणाली, "काका, कार्ड घालूनच चालू करा. मला शब्द द्या."

त्याने दिला.

आणि पाळलाही, सुरुवातीला. घरी आणून टेबलावर मांडलं, कपाटातलं कार्ड काढून खाचेत बसवलं, केबल जोडली. बटण दाबताच मशीनला कार्ड सापडलं, जसं काही कधी हरवलंच नव्हतं. गाव उघडलं. रिकामं, स्वच्छ, अबोल. अविनाश त्यात फिरला. सुरजने काय काय केलं होतं! दारांच्या चौकटींना हळदीकुंकवाची बोटं होती. जिजाच्या चुलीच्या वरची भिंत धुराने काळवंडलेली होती. एका खुंटीला पोराचं दप्तर टांगलेलं होतं. कुणी बघणार नाही अशा जागीही त्या मुलाने हात आखडता घेतला नव्हता. कुठेच कुणी नव्हतं. बांध रिकामा होता, ओटी रिकामी होती. अविनाश रोज फिरायचा आणि मशीन बंद करायचा.

कधीकधी मनिषाचा फोन यायचा. "काका, कार्ड आहे ना आत?"

"आहे."

पावसाळा सरला. अरुंधतीचं श्राद्ध आलं. त्याने साधासा स्वयंपाक केला, पान वाढून गॅलरीत ठेवलं. कावळा आला नाही. अन्न वाळत चाललं. ऊन उतरायला लागलं. तो बराच वेळ कठड्याशी उभा राहिला, मग आत आला, मशीनचं काचेचं झाकण उघडलं आणि कार्ड काढून बाहेर ठेवलं. केबलचं टोक जमिनीवर सोडून दिलं. बटण दाबलं.

पांढरा दिवा लागला. तांबूस उजेड झाला.

या वेळी त्याला वाट शोधावी लागली नाही. समोरच जिजाचं अंगण होतं. ती ओटीवर पाय पसरून बसली होती. खालच्या पायरीवर सुरज बसून जेवत होता, पाठ इकडे, खांद्यावर बॅग नव्हती. जिजा त्याच्या केसांवरून हात फिरवत होती. तिचा चेहरा मात्र सरळ दिसत होता. गावातला दिसणारा तो एकच चेहरा. अविनाशच्या डोळ्यांना पाणी आलं. चला, ही तरी पोचली.

मग जिजाने वर पाहिलं. कुंपणापाशी कुणी येऊन उभं राहिलं की बघतात तसं, थेट त्याच्याकडे. ओळख पटल्यासारखी मान हलवली. आवाज नव्हता, पण तिने हात उचलून एका बाजूला बोट दाखवलं. मिठागरांच्या पलीकडे.

अविनाशने बाण दाबला. मिठागरं ओलांडली. त्याला पाठ होतं, पलीकडे सुरजने काही केलेलं नव्हतं, नुसता मोकळा माळ सोडला होता. आज तिथे काहीतरी उभं होतं. करड्या रंगाच्या भिंती, अजून रंग न दिलेल्या, दारं-खिडक्यांच्या जागी नुसती भोकं. घर बांधताना सुरज आधी असाच नुसता सांगाडा उभा करायचा, असं जिजा म्हणाली होती. खाली पार्किंगचे खांब. कोपऱ्यात जिन्याची वळणारी जागा. फाटकापाशी पाण्याच्या टाकीचा चौथरा, त्याचा एक कोपरा टवका उडालेला. मागच्या वर्षी कचऱ्याची गाडी धडकून उडाला होता तो.

ती त्याचीच इमारत होती. नवीन पनवेलची. सुरजने ती कधी पाहिली नव्हती. जिजाही इकडे कधी आली नव्हती.

फाटकाशी एक बाई पाठमोरी उभी होती. मान वर करून चालू बांधकामाकडे बघत. एक हात कमरेवर, वजन एकाच पायावर. अविनाशने तिचं नाव घेतलं... एकदा, मग पुन्हा. तिने वळून पाहिलं नाही. बघत राहिली वरच, घर कधी तयार होतंय याची वाट बघत असावी तशी.

त्याने मशीन बंद केलं तेव्हा बाहेर अंधार पडला होता.

दुसऱ्या दिवशी दिवस कलायच्या आधीच तो टेबलाशी येऊन बसला. तिसऱ्या दिवशीही. आता तो दुपारची कामं घेत नाही. मनिषाचा फोन आला तर म्हणतो, आहे, आतच आहे कार्ड. त्याच्या आवाजात इतका शांतपणा असतो की ती पुढे काही विचारत नाही.

बाई तिथेच असते, तशीच पाठमोरी. इमारत मात्र रोज थोडी वर जाते. कोण बांधतंय ते दिसत नाही, पण आदल्या दिवशी नव्हती ती भिंत दुसऱ्या दिवशी असते. कधी एखादी खिडकी बसलेली असते, कधी जिन्याला कठडा आलेला असतो. अविनाश त्याकडे बघत बसतो आणि घरात खारट चिखलाचा वास भरून राहतो.

परवा दुसऱ्या मजल्याचा स्लॅब भरून झाला.

अविनाश तिसऱ्या मजल्यावर राहतो.